ऑक्टोपसचा दंड

वर्ष उलटून गेलं तरी समुद्र केंद्राच्या कॉम्प्युटर विभागात कुणाच्या पोटात ऑक्टोपस गेला नव्हता. निदान फुकटचा तरी नाही. या उपासमारीला एकच माणूस जबाबदार होतं, आणि ते म्हणजे ओल्फा. विभागाचे प्रमुख सी हमादी, म्हणजे हमादीसाहेब, तसं उघड बोलत नसत, पण दुपारच्या डब्यात पुन्हा ट्यूना निघाला की तिच्याकडे असं काही बघत, की जणू समुद्रातला सगळा माल तिनेच लपवून ठेवलाय.

विभागाचा नियम ओल्फाच्या आधीपासूनचा होता. केंद्र स्फाक्सच्या किनाऱ्यावर आणि त्याचं एक ठाणं समोर करकेन्ना बेटावर. तिथे सेपिया नावाचं जुनं युनिक्स मशीन दिवसरात्र पाण्याची उंची, उष्णता, खारटपणा मोजून ते आकडे इकडे पाठवत असे. त्याची देखभाल स्फाक्समध्ये बसूनच करायची. आता गंमत अशी, की सेपियात शिरायची वाट तिच्या नेटवर्क कार्डातूनच जाते, आणि कधी ना कधी त्या कार्डाचीच मांडणी बदलावी लागते. म्हणजे ज्या फोनवर बोलतोय त्याच फोनची तार बोलता बोलता बदलायची. एक आकडा चुकला, एक आज्ञा मागेपुढे झाली, की पडदा गोठतो आणि बेट मुकं होतं. आकडे बुडत नाहीत, मशीन ते आपल्यापाशी साठवत राहतं; पण त्याच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बसावं लागतं. म्हणून ज्याच्या हाताने बेट तुटलं, त्याने पुढची लूद पकडायची. लूद म्हणजे करकेन्नाची बोट, वारा असला की माणसाची आतडी पिळून काढणारी. बेटावर जाऊन मशीन ताळ्यावर आणायचं आणि परतताना अख्ख्या विभागाला पुरेल एवढा ऑक्टोपस आणायचा. पैसे अर्थात त्याचेच.

या दंडावर विभाग वर्षानुवर्षं पोसला गेला होता. कैसने तर एका हिवाळ्यात इतक्या फेऱ्या मारल्या, की बोटीवरचा तिकीटवाला त्याला नावाने हाक मारायचा.

मग भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ओल्फा आली आणि येताना एक सवय घेऊन आली. कार्डाला हात लावण्याआधी ती मशीनला सांगून ठेवायची, 'अमुक मिनिटांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू हो.' नवी मांडणी ती आधी फक्त तोंडी सांगे, फाइलमध्ये लिहीत नसे. काही बिघडलंच, तर ठरल्या वेळी मशीन उठायचं, फाइलमधली जुनी मांडणी वाचायचं आणि पुन्हा बोलायला लागायचं. सगळं नीट झालं तर हुकूम रद्द करायचा. तिने याला दोरी असं नाव दिलं होतं. कंबरेला दोरी बांधली की विहिरीत उतरायला कसली भीती? तिने ही दोरी सगळ्यांना शिकवली, आणि ऑक्टोपस बंद झाला.

"देवाने तुला हुशारी दिली, पोरी," सी हमादी म्हणत, "पण जीभ द्यायला विसरला. जवाच्या कण्यांत शिजलेला करकेन्नाचा ऑक्टोपस ज्याला आठवत नाही, तो कसला स्फाक्सचा?"

त्या गुरुवारी सकाळीच राजधानीचा हुकूम आला. सगळ्या ठाण्यांचे पत्ते बदलायचे. जुने पत्ते उद्यापासून बंद. सेपियाच्या कार्डाला नवा पत्ता आणि नवा गेटवे द्यायचा, म्हणजे घराचा नंबरही नवा आणि गावाबाहेर जायची वाटही नवी. काम अर्थातच ओल्फाकडे आलं. आणि नेमकी त्याच संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीची, आमीराची, मेंदी होती. नवरीच्या तळहातावर मेंदीचा पहिला गोळा थोरल्या बहिणीने ठेवायचा. बहीण आली नाही तर मेंदी थांबते, बायका कुजबुजतात आणि नवरी आयुष्यभर बोलून दाखवते. आमीरा तर दोन आयुष्यं बोलून दाखवणाऱ्यांपैकी होती.

"मला आज चारला निघायचंय," ओल्फा म्हणाली. "मेंदी आहे."

सी हमादींनी चष्मा वर केला. "लग्न शनिवारी ना?"

"लग्न शनिवारी. मेंदी आज."

"मग ठीक आहे. सेपियाला नवा पत्ता दे, ती नव्या पत्त्यावर बोलली की तू मोकळी. रजेवर सही तेव्हाच. आधी कार्ड, मग मेंदी."

"आणि बेट तुटलं तर?"

"तर तीनची लूद आहेच." ते इतकं गोड हसले, की ओल्फाच्या मनात पहिली शंका तेव्हाच आली.

तेवढ्यात घरून फोन आला. आई होती. माशाचं काय झालं? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीने मोठ्या माशावरून उड्या मारायच्या असतात, आणि जो भाऊ मासा आणणार होता त्याने ऐनवेळी हात वर केले होते. "तू बंदराजवळच असतेस ना? बघ काहीतरी," आई म्हणाली आणि फोन ठेवला. आईचं 'बघ काहीतरी' म्हणजे 'आणच'.

जेवणं झाली आणि ओल्फा कामाला बसली. तिच्या समोरच्या टेबलावर सी हमादी, खिडकीजवळ कैस, दाराशी लल्ला वसीला. लल्ला म्हणजे मानाने बाई, आणि या बाई विभागातल्या सगळ्यात जुन्या. बेटावरून आलेले आकडे त्या तपासायच्या, आणि नियमांच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. खिडकीत लाल मातीचं एक मडकं होतं, पेनं ठेवायला. करकेन्नाचे कोळी असली रिकामी मडकी दोरीला बांधून समुद्रतळाशी सोडतात. ऑक्टोपसला वाटतं, वा, घर मिळालं. तो आपल्या पायांनी आत जाऊन बसतो, आणि मग वरून कुणीतरी दोरी ओढतं.

ओल्फा सेपियात शिरली, दोरी बांधली, आणि मग मांडणी वाचायला घेतली. सेपियाला दोन कार्डं होती. एक समुद्रातल्या यंत्रांकडे तोंड करून, दुसरं जमिनीकडे. बदलायचं ते दुसरं. कोणतं कार्ड कोणतं, हे तिने पुन्हा एकदा पडताळलं. यात चुकून पूर्वी कैसने यंत्रांनाच वाळीत टाकलं होतं.

"ओल्फा," कैस म्हणाला, "नवरदेव काय करतो गं?"

"दंतवैद्य आहे."

"अरे वा. म्हणजे तुमच्या घरात आता दोन जण झाले, दुसऱ्याच्या तोंडात हात घालून बसणारे. तो दात काढतो, तू ऑक्टोपस."

"गप रे. तुझं तोंड असतं तर मी आधी भूल दिली असती."

"बोलू दे गं त्याला," सी हमादी म्हणाले. "कामात गप्पा असल्या की हात हलका चालतो. चहा घेणार का? पुदिना घालून? बदाम टाकून?"

आता सी हमादी स्वतः उठून कुणाला चहा विचारतात, तोही बदाम टाकून, हे विभागाच्या इतिहासात घडलेलं नव्हतं. ओल्फाचं बोट थांबलं. मशीनवर चमत्कारिक काही झालं की आधी कोण कोण आत आहे ते बघायचं, हा तिचा शिरस्ता होता. माणसांनाही तो लागू करायला हरकत नव्हती. तिने विचारलं, आत कोण आहे?

सेपियाने दोन नोंदी दाखवल्या. एक ओल्फा. दुसरी रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकाराने आलेली, आणि जिथून आली तो पत्ता समोरच्याच टेबलाचा होता.

मग तिने आपली दोरी चाचपली. नव्हती. कुणीतरी अलगद सोडवून टाकली होती.

दोष तिचाच होता. मशीन पुन्हा सुरू करायची ती नेहमीची आज्ञा गावभर दवंडी पिटते. आत असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर ओळ येते की मी अमुक वेळी झोपणार. सी हमादींनी दवंडी वाचली आणि हुकूम रद्द केला, एवढंच. आता तिचा हात जरा जरी घसरला असता तर ती सरळ लुदीवर, आणि आमीरा मेंदीच्या गोळ्यासमोर हात पसरून बसलेली.

ओल्फाने वर पाहिलं नाही. राग आला, पण रागाहून कुतूहल मोठं होतं. आता हे पुढे काय करणार? दोरी सोडून नुसते वाट बघणार, की आणखी काही?

तिने दुसरी दोरी बांधली. ही मुकी होती. मशीनला एखादं काम ठरल्या वेळी करायला सांगून ठेवता येतं, आणि ते कुणाला कळत नाही, शोधायला गेलं तरच सापडतं. वेळ काय द्यावी? समोर भिंतीवर बोटींचं वेळापत्रक होतं. सुटणार तीन वाजता. तिने लिहिलं, सव्वातीन.

मग ती खुर्ची मागे सरकवून उठली. "लल्ला वसीला, तुमच्याकडे मकरूद आहेत म्हणे?"

"आहेत की. ये. मेंदीच्या दिवशी तोंड गोड नको का करायला?"

खोलीच्या मधोमध उभं राहून तिने एका हातात बशी घेतली आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला. रव्याचा मकरूद, आत खजूर, वर मधाचा पाक. बोटं चिकट झाली. तिच्या टेबलावरचा पडदा सताड उघडा होता, खुर्ची रिकामी. समोर सी हमादी मात्र आपल्या पडद्याआड वाकले होते, आणि त्यांच्या कळफलकाचा हळूच टकटक आवाज येत होता. ती पाठमोरी आहे की खुर्चीत आहे, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते एक ओळ रचत होते आणि रचताना ओठ हलवत होते.

शेवटची कळ जोरात वाजली.

क्षणभराने सी हमादी छातीवर हात ठेवून ओरडले, "या रब्बी, देवा रे! बेट गेलं! ओल्फा, काय केलंस हे पोरी?"

"मी?" ओल्फा म्हणाली. तोंडात मकरूद होता, त्यामुळे ते 'बी?' असं ऐकू आलं.

सगळे वळले. खोलीच्या मधोमध ओल्फा, दोन्ही हात भरलेले, बोटांवरून पाक गळतोय. खिडकीशी कैस, संत्रं सोलतोय. दाराशी लल्ला वसीला, डब्याचं झाकण हातात. आणि साऱ्या खोलीत कळफलकावर एकच जोडी हात, चांगले केसाळ.

"सी हमादी," लल्ला वसीला शांतपणे म्हणाल्या, "हात उचलू नका. तसेच राहू द्या. मला नीट बघू दे."

सी हमादींनी हात असे उचलले, जणू कळा तापल्या होत्या. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला, आणि मग त्यांनी तो पुन्हा उचलून जागेवर लावला. "बरं, बरं. गंमत केली. पोरीला जरा घाबरवायचं होतं. काही तुटलेलं नाही. एकाच ओळीत लिहिलंय मी, कार्ड बंद, दहा मिनिटं थांब, कार्ड चालू. दहा मिनिटांत ती आपणहून परत येईल. तोवर ही लुदीकडे पळाली असती. आपल्याला ऑक्टोपस, हिला समुद्राची हवा. कुणाचं काय गेलं असतं?"

"माझी मेंदी गेली असती," ओल्फा म्हणाली.

"मेंदी काय, रात्री कधीही लावता येते."

लल्ला वसीलांनी डब्याचं झाकण असं लावलं, की सी हमादींच्या वाट्याला त्या दिवशी मकरूद येणार नाही हे सगळ्यांना कळलं.

दहा मिनिटं झाली. सेपिया आली नाही. आणखी थोडा वेळ गेला. सी हमादी दर घोटाला तिला हाक घालत होते, आणि पडद्यावर उत्तराची जागा कोरीच राहत होती.

"चालू तर झालं असणार," ते पुटपुटले. "ओळ बरोबर होती. मी काय नवशिका आहे?"

ओल्फाने बोटं चाटली. खरं तर तिला ओळ ऐकतानाच दिसलं होतं, पण मधे बोलायला ती कुणी प्रमुख नव्हती. "सी हमादी, एक विचारू? कार्ड बंद केलं की त्याचा गेटवे पण पुसला जातो ना?"

"हो, मग?"

"कार्ड चालू केलं तर पत्ता परत येतो. गेटवे आपणहून येतो का?"

खिडकीत कैसचं संत्रं सोलायचं थांबलं. सेपिया जिवंत होती, जागी होती, तिला हाका ऐकूही येत होत्या. फक्त उत्तर कुठल्या वाटेने पाठवायचं, ते तिला आता कुणी सांगितलेलं नव्हतं.

"दोरी!" ते एकदम म्हणाले. "तुझी दोरी! तू बांधली होतीस ना? म्हणजे ती आपोआप..."

आणि वाक्याच्या मध्येच ते थांबले, कारण ती दोरी कुणी सोडली होती हे त्यांना या खोलीत सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

"बांधली होती," ओल्फा म्हणाली. "पण कुणीतरी सोडली बघा."

कैसला ठसका लागला. संत्र्याचा असावा.

"अम्म खमैसला फोन करा," सी हमादी म्हणाले. अम्म खमैस म्हणजे बेटावरचे राखणदार खमैसकाका. "बटण दाबून मशीन बंद-चालू करायला सांगा."

"मशीनचं कपाट कुलपात आहे," लल्ला वसीला म्हणाल्या. "मागे बटण दाब सांगितलं तर त्याने फ्रीज बंद केला होता. महिनाभराचे मासे नासले. तेव्हा तुम्हीच कुलूप लावायला लावलंत, आणि किल्ली तुमच्याच खणात आहे. हात तुमचा, सी हमादी, आणि लूद तीनला. नियम तुम्हाला माहीत आहे."

"मी प्रमुख आहे!"

"म्हणूनच ऑक्टोपस जरा मोठा आणा."

सी हमादी उठले. कोट घातला, किल्ली घेतली, बाहेर खजुराची झाडं वाऱ्याने वाकत होती तिकडे एक दुःखी नजर टाकली. ओल्फाला त्यांची दया आली. अगदी खरी. ती सांगणारच होती, की बसा, सव्वातीनला येतेय ती. तिने तोंडही उघडलं.

"आणि तू," सी हमादी बोट रोखून म्हणाले, "इथून हलायचं नाही. मी पोचून तिला उठवेपर्यंत इथेच बस. मग नवा पत्ता दे, मग मेंदी. काम झाल्याशिवाय रजा नाही."

ओल्फाने तोंड मिटलं. ते पोचणार साडेचारच्या पुढे, मग कुलूप, मग मशीन. तोवर आमीराची मेंदी वाळून गेली असती.

"जी," ती नम्रपणे म्हणाली. "म्हणजे सेपिया ज्या क्षणी बोलायला लागेल, त्या क्षणी पत्ता बदलायचा, आणि झालं की मी मोकळी. असंच ना?"

"असंच."

"कधीही बोलली तरी?"

"अगं कधीही! बोलली की बदल आणि नीघ. यांच्यासमोर सांगतो. दे तो कागद." त्यांनी रजेवर उभ्याउभ्याच सही ठोकली, कागद लल्ला वसीलांच्या हातात दिला, "काम झालं की द्या तिला," आणि ते निघाले. मोबाइल हे दलालांचं खेळणं आहे, असं त्यांचं मत होतं, त्यामुळे ते एकदा दाराबाहेर पडले की पडलेच.

तीनला बंदरातून भोंगा वाजला. ओल्फा खिडकीत उभी राहून लूद धक्क्यापासून सुटताना बघत होती.

"बस की जरा," कैस म्हणाला. "दोन तास आहेत."

"नको. उभीच बरी."

सव्वातीनला सेपिया झोपली. थोड्याच वेळात उठली, आपली जुनी फाइल वाचली, जुना पत्ता, जुना गेटवे, आणि काहीच झालं नसल्यासारखी बोलायला लागली. लल्ला वसीलांच्या पडद्यावर साठलेले आकडे भराभरा वाहत आले. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, मग ओल्फाकडे, मग पुन्हा आकड्यांकडे.

"दुसरी दोरी?" त्या म्हणाल्या.

"मुकी होती," ओल्फा म्हणाली.

कैसने डोकं टेबलावर टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. "तुला ठाऊक होतं! तो माणूस तिकडे कठड्याला धरून ओकत असेल, आणि तुला ठाऊक होतं!"

"त्यांनी मला हलू नको सांगितलं. मी हलले का?"

मग तिने हात धुतले आणि खुर्चीत बसली. खोलीत कुणी चहा विचारेना, कुणी नवरदेवाची चौकशी करेना. तिने आधी दोरी बांधली, आणि जुना पत्ता तसाच ठेवून त्याच कार्डाला नवा पत्ताही दिला. एका दाराला दोन पाट्या. नव्या पाटीने हाक मारून बघितली. सेपियाने ओ दिली. मग ओल्फा नव्या पत्त्यावरून आत शिरली. नवा गेटवे सांगितला, तो चालतोय हे बघितलं, मग फाइलमध्ये लिहिलं, आणि सगळ्यांत शेवटी जुनी पाटी काढून टाकली. दोरी सोडली. कैस मागे उभा राहून बघत होता, आणि बघता बघता म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच. पण याच क्रमाने."

लल्ला वसीलांनी रजेचा कागद तिच्या हातात ठेवला. निघता निघता ओल्फाला आईचं 'बघ काहीतरी' आठवलं. तिने बेटावर फोन लावला.

"अम्म खमैस, साडेचारच्या पुढे एक पाहुणे येताहेत. चेहरा हिरवा असेल, त्यांना आधी लिंबूपाणी द्या. मशीन ठीक आहे, पण त्यांना स्वतःला बघू द्या. आणि मग कोळ्यांकडे घेऊन जा. ऑक्टोपस अख्ख्या विभागाला पुरेल एवढा, शिवाय एक मोठा गोबरा मासा. लग्नाचा."

"लग्नाचा म्हणजे उड्या मारायचा?"

"तोच."

मेंदी सुरू झाली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. ओल्फाने पहिला गोळा आमीराच्या तळहातावर ठेवला, बायकांनी कानठळ्या बसवणाऱ्या किलकाऱ्या काढल्या, आणि मग थोरलीच्याही हाताला लावा म्हणून आत्या मागे लागल्या. दोन्ही हात चोपडून झाले आणि फोन वाजला. आईने रिसीव्हर तिच्या कानाला लावून धरला.

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. मग सी हमादींचा, जरा खोल गेलेला. "ओल्फा. हे मशीन चालू आहे."

"हो, सी हमादी."

"नव्या पत्त्यावर."

"तुम्हीच म्हणालात, बोलली की बदल."

"कधी बोलली?"

"सव्वातीनला."

मग पलीकडून एक विचित्र आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

"मी लुदीत होतो तेव्हा," सी हमादी म्हणाले. "वीस वर्षांत पहिल्यांदा लुदीत होतो, आणि तू... बरं. परतीची बोट वाऱ्यामुळे बंद आहे. रात्र अम्म खमैसकडे. त्याने कण्या टाकल्यात, ऑक्टोपस घालून. मी दोन वाडगे खाल्लेत आणि तिसरा समोर आहे, त्यामुळे मला पुरेसा राग येत नाहीये. आणि हा म्हणतो, मासा पण न्यायचाय. केवढा?"

ओल्फाने आमीराकडे पाहिलं. ती दोन्ही मुठी मिटून, पाय पसरून, राणीसारखी बसली होती.

"नवरी ठेंगणी आहे, सी हमादी," ती म्हणाली. "फार उंच नको."